गवताच्या मशीनला तार लावणारी बाई

आमच्या सोसायटीत गवत कापायच्या मशीनला लोखंडी तार लावायची नाही. नायलॉनचीच दोरी लावायची. ही गोष्ट मी यंदा सगळ्यांसमोर एकदा उभी राहून आणि एकदा खुर्चीवर बसून सांगितली आहे. तरी ‘आजींचं आता वय झालं’ असं जिन्यात कुजबुजणारे दोघेतिघे आहेतच. त्यांच्यासाठी हे लेखी. वय सत्तर, चष्मा नवा, डोकं ठिकाणावर.

ज्यांनी ते मशीन जवळून पाहिलं नसेल त्यांना आधी सांगते. एक लांब दांडा. वरच्या टोकाला पेट्रोलवर चालणारं इंजिन, खालच्या टोकाला वाटीएवढी चकरी. चकरीतून दोन बाजूंना वीतवीतभर नायलॉनची जाड दोरी बाहेर आलेली असते. पातं नाही, सुरी नाही. इंजिन चकरी गरगर फिरवतं, त्या वेगाने ती लवचिक दोरी छडीसारखी ताठ होते आणि गवत तडातड उडवते. दोरी टोकाला झिजत जाते. मग माळी चकरी जमिनीवर आपटतो, की आतल्या गुंडाळीतून आणखी थोडी बाहेर येते. बघणाऱ्याला पहिला प्रश्न हाच पडतो: एवढं दांडगं इंजिन आणि पुढे प्लास्टिकची दोरी? तार का नाही लावत?

मलाही पडला होता. फरक इतकाच की मला उत्तरही ताबडतोब सापडलं. त्या काळी मला सगळ्याच प्रश्नांची उत्तरं ताबडतोब सापडत.

त्या काळी म्हणजे बारा वर्षांपूर्वी. मी तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची कोवळी पोर होते. डोंबिवलीच्या एका मराठी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून नुकतीच निवृत्त झालेली. निवृत्त झालेल्या शिक्षिकेइतकं धोकादायक माणूस नाही. हातातला वर्ग गेलेला असतो, पण आवाज तसाच राहतो. मला वर्ग हवा होता, आणि ठाकुर्लीच्या आमच्या सोसायटीला सेक्रेटरी हवी होती. पहिल्याच महिन्यात मी वॉचमनला केस कापायला पाठवलं, लिफ्टमध्ये ‘शांतता राखा’ अशी पाटी लावली आणि पाण्याच्या टाकीची चावी गळ्यात अडकवून फिरायला लागले. आता आठवलं की वाटतं, त्या बाईला कुणीतरी वर्गाबाहेर उभं करायला हवं होतं.

इमारतीच्या मागे आमचं एक मैदान आहे. मैदान म्हणायचं एवढंच. बिल्डरने बांधकामाचं सगळं डेब्रिज तिथेच पसरलं, वर चार बोटं माती टाकली आणि ब्रोशरमध्ये त्याला ‘लॉन’ म्हटलं. श्रावणात तिथे टाकळा, केना, आघाडा असं काय काय गुडघ्याच्या वर येतं, आणि गणपतीचा मांडव तिथेच घालायचा असतो. ते साफ करायला माळीदादा येत. आंबिवलीच्या पुढच्या, नदीकाठच्या गावातले. वडील आणि आजोबा नदीवर मासे धरणारे. यांनी मशीन घेतलं आणि कल्याणपासून ठाकुर्लीपर्यंतच्या सोसायट्या धरल्या. तेव्हा असतील चाळिशीचे. कमी बोलायचे, आणि बोलले की वाक्य पुरं करून थांबायचे.

मी पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून त्यांच्यावर सुपरव्हिजन करायची, परीक्षेच्या हॉलमध्ये करतात तसं. माझ्या लक्षात आलं की दर थोड्या वेळाने मशीन बंद पडतं. म्हणजे पडत नाही, ते बंद करतात. खाली बसतात, चकरी उघडतात, नवी दोरी भरतात. डेब्रिजमधल्या विटांच्या तुकड्यांवर घासून दोरी भराभर संपत होती. एका सकाळी हे इतक्या वेळा झालं, की मला तो माणूस मुद्दाम वेळ काढतोय असं वाटायला लागलं. कॉपी करणारा मुलगा कसा पुन्हा पुन्हा पाणी प्यायला जातो, तसं.

मी गॅलरीत पाहिलं. आमच्या गॅलरीत कपडे वाळत घालायला तार होती. आतून लोखंडी, वरून निळं प्लास्टिक. ठाकुर्लीपासून बदलापूरपर्यंत दर दुसऱ्या गॅलरीत असते तीच. जाडीला बरोब्बर त्या नायलॉनच्या दोरीएवढी. मी तिच्यावरचे आमच्या ह्यांचे दोन ओले लेंगे खुर्चीवर टाकले, पक्कड घेतली, दोन्ही हुकांतून तार सोडवली आणि गुंडाळी करून खाली गेले. वर्गात प्रयोगाचं साहित्य घेऊन शिरावं तशी.

“माळीदादा, ही लावा. संपायची नाही.”

त्यांनी तार हातात घेतली, नखाने वरचं निळं जरा खरवडलं आणि परत माझ्या हातात दिली.

“बाई, तार नको.”

“का नको? लोखंड आहे. प्लास्टिकपेक्षा मजबूत.”

“मजबूत हाय म्हनूनच नको. नायलॉन दगडाला लागलं का झिजतं. मुकाट मरतं. तार मरताना दुसऱ्याला घेऊन जाते.”

आता हे वाक्य मी कुठेही सांगते तेव्हा लोक माना डोलावतात. तेव्हा मी काय केलं? मी धातूंचे गुणधर्म सांगितले. टाकळ्यात उभी राहून. धातू कठीण असतात, चकचकीत असतात, तन्य असतात, वर्धनीय असतात. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, ही त्यांची सभ्यता.

“तुमी शिकवलंय ना, बरोबर असंल,” ते म्हणाले. “पन आमच्या नदीवर जालं सुद्धा नायलॉनचं. तारेचं नाय. आनि मशीन माझ्या हातात हाय, बाई.”

“उद्या मांडववाले येणार आहेत. तुम्हाला जमत नसेल तर मी दुसरा माणूस बघते.”

हे मी म्हटलं. ह्याच आवाजात, ह्याच तोंडाने. ते खाली बसले आणि माझ्याच पकडीने तारेचे दोन तुकडे कापून चकरीत बसवले. गुंडाळीत ती जाईना, म्हणून भोकातून आरपार घालून पीळ दिला. मला हेही फार हुशारीचं वाटलं.

मशीन सुरू झालं आणि आवाजच बदलला. नायलॉनची दोरी घोंगावते. तारेने शीळ घातली. वरचं निळं आवरण मिनिटभरात सोलून निघालं. पण गवत! केना, आघाडा, टाकळ्याचे लाकडासारखे झालेले बुंधे, सगळं ती तार लोण्यासारखं कापत गेली. तळमजल्यावरच्यांची जास्वंदसुद्धा गेली. बदामाच्या झाडाला नुसती घासली तर साल हातभर उकलली. मी कट्ट्यावर उभी राहून टाळ्या वाजवल्या. खरोखरच्या टाळ्या. “बघा! म्हटलं नव्हतं?”

मग ‘टण्’ असा आवाज झाला, एक ठिणगी उडाली आणि माळीदादा खाली बसले.

मी काय ओरडले ते लिहायचं नाही असं बारा वर्षं ठरवलं होतं. लिहिते. मी ओरडले, “बसलात काय? अजून अर्धं मैदान राहिलंय!”

मला वाटलं, विश्रांती घेतायत.

तारेचा दोन बोटं लांबीचा तुकडा तुटून गमबुटाच्या वरच्या काठाला लागून पोटरीत शिरला होता. दुसरा तुकडा मागाहून सापडला. वॉचमनच्या केबिनच्या प्लायवुडच्या दारात आरपार घुसून बसला होता. पकडीने ओढूनही निघेना. जमिनीपासून त्याची उंची मी पाहिली. बालवाडीतल्या पोराचा चेहरा येतो, तेवढी.

वॉचमन आणि मी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. टाके पडले. हाडापर्यंत गेलेलं नव्हतं, पण आत एक शीर की स्नायू काहीतरी दुखावलं, आणि जिना उतरताना त्यांचा उजवा पाय आजही आधी थांबतो, मग पडतो. रिक्षात मी मनात धातूंचे गुणधर्म मोजत होते, कुठला राहिला ते बघायला.

इथपर्यंत जे झालं त्याला मूर्खपणा म्हणता येईल. पुढे मी जे केलं त्याला तो शब्द पुरत नाही.

आठ दिवसांनी कमिटीची मीटिंग झाली. अपघात कसा झाला असं सगळ्यांनी विचारलं. मी म्हटलं, “दोरी सारखी बदलावी लागू नये म्हणून तार लावली.” कोणी लावली, ते म्हटलं नाही. मराठीत कर्ता गाळून वाक्य करता येतं, याचा केवढा उपयोग! सगळ्यांनी आपापला कर्ता घातला. “ही माणसं असलेच जुगाड करतात,” असं एकजण म्हणाला, आणि मी त्याला थांबवलं नाही. मग इतिवृत्ताच्या वहीत, माझ्या त्या बक्षीसपात्र अक्षरात लिहिलं: ‘माळ्याने सोसायटीस न विचारता यंत्रास लोखंडी तार लावल्यामुळे अपघात घडला. निष्काळजीपणाबद्दल त्यास समज देण्यात यावी.’ इथे मात्र कर्ता होता. खाली माझी सही. खाली दोन रेघा.

घरी आले तर आमचे हे गॅलरीत उभे होते. रिकामे हुक, हातात ओला लेंगा. त्यांनी सगळं काही न विचारता ओळखलं होतं. एवढंच म्हणाले, “माझे कपडे कुठे वाळत घालायचे, तेही वहीत लिहायला हवं होतंस.” त्यानंतर त्यांनी मरेपर्यंत हा विषय काढला नाही, आणि गॅलरीत नवी तार मात्र कधी लावू दिली नाही. कपडे दांडीवर.

उरलेली तार मी टाकली नव्हती. एका दुपारी घरात कोणी नसताना ती आणि नायलॉनच्या दोरीचा एक तुकडा घेऊन ओट्यापाशी बसले. शिकवायला नाही, बघायला. तार एकाच जागी इकडून तिकडे वाकवत गेले. सुरुवातीला काहीच होईना. मग वाकण्याच्या जागी ती गरम लागायला लागली आणि कट्कन तुटली. आधी कसलीही सूचना नाही. नायलॉन तसंच वाकवलं. वाकलं तिथे पांढरी रेघ उमटली, पण ते तुटेना, पुन्हा सरळ व्हायला बघे. चकरीच्या भोकापाशी तार एका सेकंदात कितीदा वाकत असेल? दर दगडाला एकदा, दर बुंध्याला एकदा. ती थकते. धातू थकतो हे मला वाचून माहीत होतं. पण परीक्षेत तो प्रश्न येत नसे, म्हणून मी तो कधी शिकवला नाही.

मग नातवंडांच्या गलोलीने (हसू नका) दोन्हींचे सारख्या लांबीचे तुकडे पोह्यांच्या रिकाम्या डब्यावर मारले. नायलॉनने ‘टिक’ केलं आणि पायाशी पडलं. तारेने डब्याला पोचा पाडला, तिथून उडून फ्रिजला ओरखडा काढला. वेग सारखाच, पण लोखंड जड. जड वस्तू तो वेग सोडत नाही, घेऊन जाते, जे मधे येईल त्याच्यात नेऊन ठेवते. नायलॉन हलकं, तुटलं की हवेतच त्याचा दम जातो. शिवाय दोरी झिजते ती टोकाला, थोडी थोडी, भुकटी होत. म्हणजे ज्याला मी दोष समजत होते, तोच तिचा गुण होता. ती मोडण्यासाठीच लावलेली असते. दगड, झाड, माणसाचा पाय, ह्यांच्यापुढे मशीनने हार मानावी म्हणून पुढे दोरी. पायाला लागली तर वळ उठेल, कातडी सोलेल. पाय पायच राहील.

आणि हे सगळं नदीवरच्या एका माणसाने मला दोन वाक्यांत सांगितलं होतं. मी त्याला वर्धनीयता ऐकवली.

पुढच्या वर्षी माळीदादा परत आले. त्या डेब्रिजवर दुसरा कुणी मशीन घालायला तयार नव्हता, म्हणून त्यांना बोलावलं गेलं. मी तोवर सेक्रेटरीपद सोडलं होतं. कारण ‘प्रकृती’ असं लिहिलं. त्यांनी मला पाहिलं, “बाई, बरं हाय ना?” म्हणाले आणि कामाला लागले. वहीत काय आहे ते त्यांना माहीत होतं. त्यांना समज दिली गेली होती, आणि ती त्यांनी उभं राहून घेतली होती. माझं नाव त्यांनी कुठेही सांगितलं नाही. मी मानायला लागले की ते विसरले. त्यांची बायको गेली, मुलं मोठी झाली, मशीन बदललं. बाईची आजी झाली. बारा वर्षं मी त्यांना दर वेळी चहा दिला आणि त्याला प्रायश्चित्त समजले. स्वस्तात!

यंदा आमची सूनबाई सेक्रेटरी झाली. ती माझ्यासारखी नाही, हुशार आहे. तिने सोसायटी प्लास्टिकमुक्त करायची ठरवली आणि खरंच केली. सत्यनारायणाचे द्रोण पानांचे आले, दूधवाल्याच्या पिशव्या वेगळ्या जायला लागल्या. मी तिच्या बाजूने होते, आहे. पण मग तिच्या लक्षात मशीन आलं.

“आई, ही दोरी झिजते म्हणजे जाते कुठे? मातीतच ना? प्लास्टिकची भुकटी आपण लॉनवर शिंपडतोय!” तिने फोनवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातला कुणीतरी मशीनला वेणीसारखी विणलेली स्टीलची तार लावून काटेरी झुडुपं कापत होता. “ही मागवलीय मी.”

मी म्हटलं, “अगं, ती लावू नये.”

“का?”

मी गुणधर्म सांगितले. वजन, वाकणं, थकणं, सगळं. गलोल सोडून. जे सांगायचं होतं ते तेवढं सांगितलं नाही.

“आई, ती तार घरगुती नाहीये. त्याच कामाची आहे. तुम्ही काळजी करू नका.”

श्रावणातल्या रविवारी खाली पार्किंगमध्ये सर्वसाधारण सभा भरली. माळीदादांनाही बोलावलं होतं. ते खांबाला टेकून उभे होते. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, कागद असल्याशिवाय त्यांना सूर्य उगवलेला पटत नाही. तारेचा विषय निघाला. माळीदादा म्हणाले, “मी तार लावनार नाय.”

“कमिटीचा निर्णय आहे.”

“मग दुसरा मानूस बघा. तार नाय लावनार.”

अध्यक्षांनी जुनी वही उघडली. पानांत खूण घालूनच आणली होती. “तुम्ही पूर्वी स्वतःच तार लावली होतीत, विचारल्याशिवाय. इथे नोंद आहे. तेव्हा निष्काळजीपणा केलात, आणि आता कमिटी पद्धतशीर सांगतेय तर नाही म्हणता?” आणि मोठ्याने वाचलं. माझं वाक्य. अध्यक्ष खणखणीत वाचतात.

मंडळी हसली. कुणीतरी म्हणालं, कॉन्ट्रॅक्टच एजन्सीला देऊन टाकू. माळीदादांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी बघितलं असतं तर सोपं गेलं असतं. म्हणता आलं असतं, की त्यांनी मला उठवलं. ते जमिनीकडे बघत होते. काम जाणार होतं, आणि त्यांच्यामागे ‘निष्काळजी’ हा शब्द दुसऱ्या सोसायट्यांतही जाणार होता. आमच्याकडे अशा बातम्या व्हॉट्सअ‍ॅपवर कल्याणला पोचतात.

मी किती वेळ बसून राहिले ते सांगते. चहाचा ट्रे दोन रांगा फिरून माझ्यापर्यंत येईस्तोवर. मी एक कप घेतलासुद्धा. मग तो खाली ठेवला आणि उठले.

“ती नोंद खोटी आहे.”

“आई, बसा ना,” सूनबाई हळूच म्हणाली.

“बारा वर्षं बसलेच होते. तार मी आणली. आमच्या गॅलरीतली. हे नको म्हणत होते, मी कामावरून काढायची धमकी देऊन लावायला लावली. आणि वहीत ह्यांच्यावर टाकलं. अक्षर छान आहे, म्हणून खरं होत नाही.”

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला. “हा विषय आजच्या विषयपत्रिकेवर नाही.”

“मग घ्या.”

“आणि मंजूर झालेलं इतिवृत्त आता बदलता येत नाही.”

“बदलू नका. त्याच्याखाली लिहा.”

“पुढच्या सभेत बघू.”

वर आल्यावर सूनबाईने दार लावलं आणि म्हणाली, “हे तुम्हाला घरी सांगता आलं नसतं? मी सेक्रेटरी आहे, आई. सगळ्यांसमोर...”

“घरी सांगितलं असतं तर घरातच राहिलं असतं. वही खाली आहे.”

“म्हणजे माझी तार अडवायला तुम्ही हे...”

“तुझी तार अडवायला नाही. पण तीही अडवणार आहे.”

चार दिवस आमच्या घरात फक्त भाजी कुठली करायची एवढंच बोलणं झालं.

पुढच्या रविवारी मांडवासाठी गवत काढायचं होतं. ‘निर्णय प्रलंबित’ असं असताना अध्यक्षांनी स्वतःच चकरीत नवी तार अडकवून मशीन माळीदादांपुढे धरलं आणि म्हणाले, एकदा ट्रायल घेऊन बघू, नाही जमलं तर मग ठरवू. मी गॅलरीतून ऐकलं. पार्किंगमधली एक प्लास्टिकची खुर्ची उचलली (प्लास्टिकमुक्त सोसायटीत त्या अजून चाळीस आहेत), गुडघाभर टाकळ्यात नेऊन मधोमध ठेवली आणि बसले. साडी वर खोचली, चपला काढल्या, पोटऱ्या उघड्या.

“चालवा आता ट्रायल.”

“अहो आजी, असं काय करताय!” अध्यक्ष म्हणाले. “कीडमुंगी असेल गवतात.”

“कीडमुंगी चावते. पोटरीतून आरपार जात नाही.”

गॅलऱ्या भरल्या. कुणीतरी फोन काढला. वॉचमनला मला उठवायला सांगितलं. तो दोन पावलं आला आणि थांबला, कारण त्याच्या पोराला मी फुकट गणित शिकवते. सूनबाई खाली आली. लाल झाली होती.

“आई, उठा. लोक बघतायत.”

“बघू देत. बारा वर्षांपूर्वी कुणी बघत नव्हतं, म्हणून तर ते जमलं.”

“तुम्हाला तेव्हा कुणी असं अडवलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं?”

“अजिबात नाही.”

“मग मी का ऐकू?”

“नको ऐकूस. मशीन तू धर, मी इथेच बसते. तुझ्या हाताने चालव.”

ती माळीदादांकडे वळून मऊ आवाजात म्हणाली, “दादा, नक्की कुठे लागलं होतं? दाखवता का जरा?”

“नाय दाखवनार,” ते म्हणाले. “पाय माझा हाय. मी काय जत्रंत आलोय? तुमाला पाय बघून पटनार असंल आनि माझ्या बोलन्यानं नाय, तर राहू दे.”

ते तिला लागलं. मला दिसलं लागलेलं. ती वाईट मुलगी नाहीच. तिने चकरीतून बाहेर आलेली विणलेली तार दोन बोटांत धरली, दाबून पाहिली, आणि अध्यक्षांना म्हणाली, “काका, काढायला सांगते ही. सेक्रेटरी म्हणून सांगते.” मग माळीदादांना विचारलं, दोरी कमीत कमी झिजावी म्हणून काही करता येईल का. हा प्रश्न त्यांना गेल्या वीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. ते म्हणाले, झिजते ती भिंतीच्या कडेला आणि त्या विटांवर. तेवढं विळ्याने काढतो, मधलं मशीनने. अर्धी लागेल. आमच्या प्लास्टिकमुक्तीचा तोडगा बारा वर्षं त्यांच्या पिशवीत विळ्याच्या रूपात पडून होता!

“आता उठा,” सूनबाई म्हणाली.

“वही आण.”

“आई!”

“पुढच्या सभेपर्यंत मी असेन-नसेन. वही आण.”

वही आली. अध्यक्षांनी ‘टीप म्हणून चालेल’ असं म्हटलं. टीप म्हणजे इतिवृत्त नव्हे, असं त्यांनी स्वतःचं समाधान करून घेतलं. मी तिथेच टाकळ्यात, मांडीवर वही घेऊन, जुन्या नोंदीच्या खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं. अक्षर आता बक्षीसपात्र राहिलेलं नाही. माळीदादा म्हणाले, “वाचा.”

मी वाचलं: “वरील नोंद चुकीची आहे. यंत्रास तार तत्कालीन सेक्रेटरी, म्हणजे मी, यांनी अनवधानाने लावावयास सांगितली. माळ्याचा दोष नाही.”

“अनवधानानं म्हंजे?”

“म्हणजे... लक्षात न येता.”

“लक्षात न येता कसं? मी सांगितलं होतं ना तुमाला. तार नको म्हनून. दोनदा.”

सूनबाई माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, “दादा, एवढा एक शब्द...”

“काढा तो,” ते म्हणाले. “तुमी शिकलेल्या, तुमाला माहीत नव्हतं, असं लिवलं तर मी काय, तवा मुका होतो का?”

मी ‘अनवधानाने’ खोडलं. एका रेघेत गेलं नाही, दोन माराव्या लागल्या. त्याच्यावर लहान अक्षरात लिहिलं, ‘माळ्याने दोनदा नको म्हणून सांगितले असताना’, आणि पुन्हा सगळं वाचून दाखवलं. ते तोंडातल्या तोंडात शब्द मोजल्यासारखं ऐकत होते. सही केली.

“झालं?” मी विचारलं.

“झालं,” ते म्हणाले, आणि चकरीत नायलॉन भरायला खाली बसले. “आजी, आता खुर्ची तेवढी घ्या. सुरुवात तिथूनच करायची हाय.”